कुशीची पकड आणि मोटारीचा वेग

टेनेसी हे अमेरिकेच्या दक्षिण भागातले राज्य. १९७७ साली तिथल्या विधिमंडळाने एक छोटा कायदा मंजूर केला. आईबाप चार वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या गाडीतून नेत असतील, तर ते मूल खास लहान मुलांसाठी बनवलेल्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेले असले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही राज्याने तोवर असा कायदा केलेला नव्हता. मात्र मंजुरीच्या वाटेवर या मसुद्याला एक दुरुस्ती चिकटली. गाडीतल्या मोठ्या माणसाने मूल हातांत धरले असेल, तर सीट नसली तरी चालेल, अशी. या कायद्यासाठी ज्यांनी जिवाचे रान केले होते, त्या डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी त्या दुरुस्तीला नाव दिले ‘चाइल्ड क्रशर’, म्हणजे मूल चिरडणारी. १ जानेवारी १९७८ पासून कायदा या दुरुस्तीसकट अमलात आला आणि ती काढून टाकायला १९८१ साल उजाडावे लागले. मुलांच्या कार सीटचा इतिहास सहसा शोधांच्या आणि कंपन्यांच्या यादीतून सांगितला जातो. मला तो या दुरुस्तीपासून सुरू करावासा वाटतो. चांगली सीट कशी असावी हे १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कळून चुकले होते. ती घरोघर पोचायला एवढा उशीर झाला, त्यात सगळ्यात मोठा वाटा एका समजाचा आहे. आईची कूस ही बाळासाठी जगातली सर्वांत सुरक्षित जागा, हा तो समज. घरात तो खरा आहे, जत्रेच्या गर्दीतही खरा आहे. धावत्या मोटारीत तो खरा नाही.

तो का खरा नाही, हे शाळेतल्या गणितानेही दिसते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काही आडवे आले आणि गाडी आदळली, तर ती साधारण एक दशांश सेकंदात थांबते. गाडी थांबली तरी आतले मूल त्याच वेगाने पुढे निघालेले असते. दहा किलोच्या मुलाला तेवढ्याच अवधीत थांबवायचे तर सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते, आणि धडकेच्या ऐन क्षणी त्याच्या दुप्पटही. सिमेंटचे एक पोते ५० किलोचे असते. अशी तीन पोती, काहीही कल्पना नसताना, एकदम हातांवर येऊन पडली तर ती कोण झेलेल? उंचीच्या भाषेत सांगायचे तर हा आघात सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याच्या तोडीचा आहे. हे सगळे आईने स्वतः पट्टा लावलेला आहे असे धरून. तिने तो लावलेला नसेल, तर तिचे ५५-६० किलोचे शरीरही पुढे फेकले जाते, आणि ते व डॅशबोर्ड यांच्या मध्ये बाळ असते. सँडर्स यांनी वापरलेला ‘चिरडणे’ हा शब्द रागाच्या भरात उच्चारलेला नव्हता. तो शब्दशः खरा होता. आपला पट्टा मुलाच्या अंगावरूनही घेऊन दोघांना एकत्र बांधण्याची युक्ती काही जण करतात. तिचाही परिणाम हाच होतो, फक्त मूल डॅशबोर्डऐवजी पट्ट्यावर दाबले जाते.

मोटारीत मुलांसाठी वेगळी सीट असावी ही कल्पना जुनी आहे, पण सुरुवातीला तिचा सुरक्षिततेशी संबंध नव्हता. १९३३च्या सुमारास अमेरिकेत बनी बेअर कंपनीने अशा सीट बाजारात आणल्या. मूल थोडे उंच बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे आणि त्याने गाडीभर फिरून चालवणाऱ्याला त्रास देऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. पुढे कॅनव्हासची पिशवी आणि लोखंडी नळ्यांची चौकट अशा सीट आल्या. त्यांच्या वरच्या बाजूला दोन वाकडे आकडे असत, ते पुढच्या बाकासारख्या सीटच्या पाठीवर नुसते अडकवायचे. पुष्कळ सीटना समोर एक खेळण्यातले स्टिअरिंग असे. मूल आईवडिलांच्या मध्ये बसून ते फिरवी, भोंगा वाजवी. ही वस्तू जरा नीट पाहिली की काळजात धस्स होते. आकड्यांना गाडीशी बांधणारे काहीच नव्हते, त्यामुळे धडकेत सगळी चौकट मुलासकट उडणार. पोटावर एक बारीक पट्टी, आणि छातीच्या बरोबर समोर त्या स्टिअरिंगचा दांडा. हे विकत घेणारे आईबाप बेफिकीर नव्हते. मोटारीने प्रवास करताना मुलाला नेमका कशाचा धोका आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. गाडी बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा अपघाताचे सगळे खापर चालवणाऱ्याच्या चुकीवर फोडत, आणि आदळल्यानंतर आतल्या माणसाचे काय होते हा प्रश्न विचारायलाच फारसे कोणी तयार नव्हते.

तो प्रश्न विचारला गेला आणि चित्र थोड्याच वर्षांत बदलले. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आज आपण वापरतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा गाडीत आणला. १९६२ साली ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी मागच्या सीटवर बांधायची, वाय आकाराच्या पट्ट्यांची मुलांची सीट तयार केली, आणि त्याच सुमारास अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीची. मूल उडून जाऊ नये, हा हेतू या दोन्हींत पहिल्यांदाच स्पष्ट दिसतो. पण मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नाही, ही गोष्ट खऱ्या अर्थाने ध्यानात घेतली ती स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी. ते डॉक्टर होते आणि पुढे गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी अंगाच्या आकाराच्या आसनात पाठीवर रेललेले असतात, म्हणजे प्रचंड दाब सगळ्या पाठीवर वाटला जातो, हे त्यांनी पाहिले आणि तीच कल्पना मुलांसाठी वळवली. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसाचे सातवा-आठवा. मानेचे मणकेही त्या वयात पुरते हाडाचे झालेले नसतात, बराच भाग कूर्चेचा असतो. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाला धडकेत पट्टे छातीशी रोखून धरतात, पण जड डोके पुढे जात राहते आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तेच बाळ मागे तोंड करून बसवले, तर डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात. एखादी गोष्ट बोटांनी धरण्याऐवजी सबंध तळव्यावर झेलावी, तसे हे आहे.

व्होल्वोने १९६४ साली आल्डमन यांच्या या कल्पनेवरच्या सीटची चाचणी घेतली. १९६७ साली तिने ग्राहकांना अशी सोय दिली की पुढची प्रवाशाची सीट उलटी फिरवून तिच्यावर पट्टे लावून मूल मागे तोंड करून बसवता येई, आणि १९७२ साली स्वतंत्र मागे तोंड करणारी सीट बाजारात आणली. स्वीडनमध्ये मूल चार वर्षांचे होईपर्यंत मागे तोंड करून बसवण्याची रीत तेव्हापासून रुजली आणि टिकली. तिथल्या अपघातांच्या नोंदी व्होल्वो वर्षानुवर्षे ठेवत आली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या विश्लेषणात, न बांधलेल्या मुलांच्या तुलनेत मागे तोंड केलेल्या सीटमधल्या मुलांना दुखापतीचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी दिसला. हे आकडे गाडी विकणाऱ्या कंपनीचेच आहेत, तेव्हा ते जरा जपूनच घेतले पाहिजेत. पण ते उत्तर जाहिरातीसाठी एका दिवसात तयार केलेले नाही. देशभरच्या खऱ्या अपघातांतून ते हळूहळू जमा झालेले आहे.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. तिथे वस्तू आधी आली आणि तिची परीक्षा मागाहून. राल्फ नेडर यांचे मोटार कंपन्यांवरचे पुस्तक १९६५ साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी केंद्र सरकारने गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा केला. त्याच १९६५ साली न्यू जर्सीतले बालरोगतज्ज्ञ सेमूर चार्ल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिजिशियन्स फॉर ऑटोमोटिव्ह सेफ्टी’ ही संघटना उभी केली. डॉक्टरांच्या दवाखान्यातून पालकांना पत्रके वाटणे हे तिचे मुख्य काम होते. १९६०च्या दशकाच्या शेवटी फोर्डने ‘टॉट गार्ड’ आणि जनरल मोटर्सने ‘लव्ह सीट’ अशा सीट आणल्या. टॉट गार्डमध्ये मुलाच्या पुढ्यात प्लास्टिकची एक गुबगुबीत ढाल असे, तिच्यावर मूल झेपावेल अशी कल्पना. १ एप्रिल १९७१ पासून मुलांच्या सीटसाठी सरकारी मानक लागू झाले. त्यात सीट गाडीच्या पट्ट्याने बांधलेली असली पाहिजे असे होते, पण तिची परीक्षा स्थिर स्थितीत ओढून घेतली जाई. प्रत्यक्ष धडक देऊन पाहायची अट नव्हती. पुढच्याच वर्षी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने बाजारातल्या सीट विकत घेऊन धडक चाचणीवर लावल्या, आणि सरकारी मानकाला उतरलेल्यांपैकी बहुतेक तिथे नापास झाल्या. पालकांनी पैसे मोजले होते, सीटवर मान्यतेचा शिक्का होता, आणि तरी मूल उघडेच होते. धडक चाचणी सक्तीची व्हायला १९८१चा जानेवारी उजाडला. या दहा वर्षांतला धडा मला आजच्या खरेदीसाठीही मोलाचा वाटतो. सीटची गादी किती मऊ आहे किंवा रंग किती छान आहे, याने काहीच कळत नाही. तिच्यावर युरोपच्या आर१२९ किंवा जुन्या आर४४ मानकाची, किंवा भारताच्या एआयएस ०७२ची खूण आहे की नाही, एवढेच आधी पाहावे.

आता पुन्हा टेनेसीकडे. रॉबर्ट सँडर्स हे मर्फ्रीजबरो या गावात सरकारी आरोग्य खात्यात बालरोगतज्ज्ञ होते, पुढे रदरफर्ड काउंटीच्या आरोग्य विभागाचे संचालक झाले. एखाद्या आजाराची लस उपलब्ध असताना मुले त्या आजाराने दगावत राहिली, तर डॉक्टर स्वस्थ बसेल का? मोटार अपघाताकडे सँडर्स तसेच पाहत. त्यांच्या दृष्टीने सीट ही लस होती. १९७६ साली त्यांचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वर्षी ते आणि त्यांची पत्नी पॅट यांनी आमदारांना एकेक करून गाठले. त्यांना झालेला विरोध दुष्ट नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुलांना कसे न्यायचे हे आईबाप ठरवतील, सरकारने घरात डोकावू नये, असे काही आमदारांना मनापासून वाटत होते. रडणाऱ्या बाळाला आईने उचलू नये असा कायदा आपण कसा करणार, ही हळहळही खरी होती. हातांत धरलेल्या बाळांची सवलत या हळहळीतूनच आली. म्हणूनच ती काढणे अवघड होते. कोणाचा नफा आड आला असता तर त्याच्याशी लढता आले असते. इथे आड आली होती माया.

मायेला उत्तर मोजमापाने द्यावे लागते, आणि हे मोजमाप करणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचे आहे. दिनेश मोहन यांनी मुंबईच्या आयआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि मिशिगन विद्यापीठात मानवी शरीर व आघात या विषयात डॉक्टरेट केली. १९७९ साली त्यांनी आणि लॉरेन्स श्नायडर यांनी ‘ह्यूमन फॅक्टर्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांडीवर धरलेल्या बाळाला मोठे माणूस किती घट्ट धरून ठेवू शकते, हा त्याचा विषय. खऱ्याखुऱ्या स्त्री-पुरुषांना बाळाची डमी धरायला देऊन त्यांच्या पकडीचे बळ मोजले गेले, आणि धडकेत लागणाऱ्या बळाशी ते ताडून पाहिले गेले. निष्कर्ष असा की अपघातात बाळाला सांभाळण्यासाठी मोठ्या माणसाच्या हातांवर भिस्त ठेवता येत नाही. या शोधात मला जे महत्त्वाचे वाटते ते असे की त्याने आईच्या प्रेमाविषयी एक अक्षरही काढले नाही. स्नायूंची ताकद किती आणि गरज किती, एवढेच विचारले. मोहन पुढे भारतात परतले आणि दिल्लीच्या आयआयटीत रस्ते सुरक्षेच्या संशोधनाची एक परंपराच त्यांनी उभी केली. २०२१ साली कोविडने ते गेले. मांडीवरचे बाळ सुरक्षित नसते हे ज्यांनी मोजून दाखवले, त्यांच्यातला एक जण पवईत शिकला होता, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सँडर्स थांबले नाहीत. १९८१ साली विधिमंडळाने ती सवलत रद्द केली. तोवर इतर राज्यांनीही टेनेसीचा कित्ता गिरवायला सुरुवात केली होती, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना बांधून नेण्याचा कायदा झाला. सात-आठ वर्षांत एवढा बदल क्वचितच होतो. तो नुसत्या दंडाने झाला नाही. ज्यांना सीट परवडत नव्हती त्यांना ती उसनी देण्याच्या योजना रुग्णालयांनी आणि आरोग्य विभागांनी चालवल्या. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८० साली ‘फर्स्ट राइड, सेफ राइड’ ही मोहीम सुरू केली. जन्मल्यानंतर बाळ रुग्णालयातून घरी जाते तो त्याचा पहिला प्रवासच सीटमधून व्हावा, असा तिचा आग्रह होता.

सगळे मिटले असे वाटत असतानाच १९९०च्या दशकात एक नवे संकट आले. पुढच्या प्रवाशासमोर एअरबॅग बसवल्या जाऊ लागल्या. ही पिशवी ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फुगते, कारण तिला मोठ्या माणसाच्या आधी पुढे पोचायचे असते. पुढच्या सीटवर मागे तोंड करून ठेवलेल्या बाळाच्या सीटची पाठ नेमकी त्या पिशवीला टेकलेली असे. एरवी ज्यातून कोणाला खरचटलेही नसते, अशा संथ वेगाच्या धडकांत एअरबॅगने मुले मेली. अमेरिकेत असे शंभराहून जास्त मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर मुलांनी मागच्या सीटवरच बसायचे, हा नियम पक्का झाला. आपल्याकडे २०२१-२२ पासून नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली आहे. म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची जी सवय पूर्वी धोक्याची होती, ती आता त्याहून जास्त धोक्याची आहे. बाळ आई आणि एअरबॅग यांच्या मधोमध असते. गाडी नवी आणि सुरक्षित आहे, हा दिलासा इथे उलटा पडतो.

आणखी एक अडचण हळूहळू उघड झाली. सीट घेतली, पण ती नीट बसवलीच नाही. अमेरिकेत २०००च्या दशकाच्या सुरुवातीला पाहणी केली तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश सीट गंभीर चुकांसह वापरल्या जात होत्या. पट्टे सैल, सीट डुगडुगती, वयाला न शोभणारी. पट्टा सीटच्या आतून ओवून गाडीला आवळणे हे काम सोपे नाही, म्हणून १९९०च्या दशकात युरोपात आयसोफिक्स ही पद्धत आली. तिच्यात गाडीच्या मागच्या सीटची गादी आणि पाठ यांच्या खाचेत दोन लोखंडी कड्या असतात, आणि सीटचे दोन हात त्यांत ‘खट्’ असा आवाज होऊन अडकतात. आपल्या गाडीत त्या कड्या आहेत का, हे सीट विकत घेण्याआधी त्या खाचेत बोटे घालून पाहावे. नसतील तर पट्ट्याने बसणारी सीट घ्यावी. नीट बांधली तर तीही चांगलीच असते. बसवून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची. ती एका इंचाहून जास्त सरकली तर पुन्हा आवळायची. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहायचा. कापडाची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. मागे तोंड करून बसलेल्या बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा त्याखालून निघावेत, पुढे तोंड करून बसणाऱ्या मोठ्या मुलाचे खांद्याच्या वरून. आपल्याकडे बाळ दुपट्यात गुंडाळून नेतात. गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून जाणारा पट्टा लावताच येत नाही. म्हणून आधी बाळाला अंगडे-टोपडे घालून पट्टे आवळायचे आणि दुपटे त्यांच्या वरून पांघरायचे. हनुवटी छातीवर टेकली तर कोवळ्या बाळाचा श्वास अडू शकतो, त्यामुळे सीटचा कल तपासायला हवा, आणि लांबच्या प्रवासात थांबून बाळाला बाहेर काढायला हवे. सीट लहान झाली की पुढची घ्यायची, पण पट्ट्याकडे घाईने जायचे नाही. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या कमरेच्या हाडावर न बसता पोटावर चढतो. उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत मुलाला उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटचे काम पट्टा योग्य जागी आणणे एवढेच असते, आणि ते फार मोठे काम आहे.

या सगळ्यावर घेतला गेलेला सर्वांत गंभीर आक्षेप अर्थशास्त्रातून आला. २००५ साली स्टीव्हन लेव्हिट आणि स्टीफन डबनर यांनी असे मांडले की दोन ते सहा वर्षांच्या मुलांत मृत्यू टाळण्याच्या बाबतीत खास सीट मोठ्यांच्या पट्ट्यापेक्षा फारशी वरचढ दिसत नाही. त्यांनी घेतलेले आकडे जीवघेण्या अपघातांच्या सरकारी नोंदींतले होते. पण त्या नोंदींत ज्या अपघातांत सगळे वाचले ते येतच नाहीत. दुसऱ्या वर्षी मायकेल इलियट आणि सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या नोंदी एकत्र जोडून हिशोब मांडला, तेव्हा पट्ट्याच्या तुलनेत सीटमुळे या वयात मृत्यूचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी दिसला, आणि सीटचा गैरवापर वगळला तर २८ टक्क्यांनी. बूस्टरबद्दल २००३ साली निघालेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना दुखापतीचा धोका ५९ टक्क्यांनी कमी आढळला होता. आक्षेपकर्त्यांना एक श्रेय मात्र द्यायला हवे. सुरक्षेच्या बाजूनेही कधी कधी आकडे ताणले जातात. मुलांना दोन वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसवण्याच्या बाजूने सतत उद्धृत होणाऱ्या २००७च्या एका अभ्यासाचे आकडे २०१८ साली पुन्हा मोजले, तेव्हा त्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसाला उतरला नाही, कारण दुखापतींची संख्याच फार थोडी होती. तरीही मागे तोंड करून बसवण्याची बाजू कोसळत नाही. ती मानेच्या रचनेवर, धडक चाचण्यांतल्या डमींवर आणि स्वीडनच्या अनुभवावर उभी आहे. पण जो पुरावा कच्चा आहे त्याला कच्चे म्हणायला हवे. मुळात लेव्हिट यांच्या मांडणीतही मांडीला जागा नव्हती. त्यांचा वाद सीट की पट्टा एवढ्यापुरताच होता. एक वर्षाखालच्या बाळांबाबत तर अमेरिकन सरकारी अंदाजाने सीट मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी कमी करते, एक ते चार वर्षांच्या मुलांत ५४ टक्क्यांनी.

भारतात २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १९४ बी हे कलम आले. चौदा वर्षांखालचे मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या सीटने बांधलेले नसेल, तर हजार रुपये दंड. आपण टेनेसीपेक्षा चार दशके मागे असलो तरी मांडीची सवलत आपल्या कायद्यात नाही, ही चांगली गोष्ट. पण त्या ‘किंवा’ शब्दापाशी मला थांबावेसे वाटते. सहा महिन्यांच्या बाळाला मोठ्यांचा पट्टा लावताच येत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मानेवरून तो जातो. कायद्याने दोन्ही एकाच पारड्यात टाकले, शरीर टाकत नाही. दुसऱ्या बाजूने काही गोष्टी सुधारत आहेत. २०१४ साली गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तपासलेल्या पाच लोकप्रिय भारतीय गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली चाचणी योजना सुरू झाली, आणि तिच्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराच्या डमी सीटमध्ये बांधून धडक चाचणी होते. सप्टेंबर २०२२मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मागच्या सीटवर पट्ट्याविना असताना अपघाती मृत्यू झाला, तेव्हा महाराष्ट्रात मागच्या पट्ट्याची चर्चा पहिल्यांदा घरोघर झाली. मुलांच्या सीटची अजून झालेली नाही.

आपल्याकडचे आक्षेपही खरे आहेत, त्यांना टाळून चालणार नाही. बहुसंख्य मुले दुचाकीवर जातात, तेव्हा कार सीट ही श्रीमंतांची काळजी आहे, असे म्हटले जाते. दुचाकीवरच्या मुलांसाठी २०२२ साली स्वतंत्र नियम आले, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हार्नेस, हेल्मेट आणि वेगाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. ती काळजी वेगळी आणि तितकीच निकडीची आहे, पण ती आहे म्हणून मोटारीतले मूल मांडीवर ठेवण्याचे कारण मिळत नाही. गावातल्या गावात जायचे, वेग किती असणार, हाही नेहमीचा मुद्दा. वरचे सगळे गणित ताशी ५० किलोमीटरचेच आहे, म्हणजे शहरातल्या मोकळ्या रस्त्याचे. मूल रडते, हे खरे आहे. जे मूल पहिल्या प्रवासापासून सीटमध्ये बसते त्याला मांडीची सवयच लागत नाही, दोन वर्षांनी सुरू केले तर रडारड जास्त होते. पाच माणसांच्या गाडीत सात माणसे असतात, त्यात सीट कुठे ठेवायची, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही. त्या गाडीत सीटसाठी जागा करायची म्हणजे एक मोठे माणूस मागे राहणार, आणि कोण राहणार हे घरातल्या माणसांनाच ठरवावे लागेल.

राहता राहिला खर्च. तान्ह्या बाळाची चांगली सीट अनेक घरांना जड जाते, आणि बाळ वर्ष-सव्वा वर्षात तिच्यात मावेनासे होते. पण सीट स्वतः तेवढ्यात जुनी होत नाही. साधारण सहा ते दहा वर्षे ती वापरता येते. तिच्यावर बनवल्याची तारीख छापलेली असते, आणि ती कोणत्याही अपघातातून गेलेली नसली पाहिजे, ही अट सांभाळली की ती चार-पाच बाळांना पुरते. अपरिचिताकडून जुनी घेऊ नये, पण चुलत-मावस भावंडांत ती फिरू शकते. पाळणा आणि बाळलेणी फिरतातच की. आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांनी चाळीस वर्षांपूर्वी केले तसे आपल्या प्रसूतिगृहांनाही करता येईल. बाळंतिणीला घरी पाठवताना आपल्याकडे एक फाइल देतात. तिच्यात लसीकरणाचा तक्ता असतो, अंगावर पाजण्याच्या सूचना असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. त्यात आणखी एक पान घालायचे, आणि कपाटात दोन-चार सीट ठेवायच्या, अनामत घेऊन वर्षभर उसन्या देण्यासाठी. गाडी दाराशी आली की नर्सने खाली येऊन एकदा पट्टा चिमटीत धरून पाहायचा.